कॅमेरा कुठं उभा आहे?

(वस्तीतल्या तरुण छायाचित्रकारांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. कॅमेऱ्यातलं मला फारसं कळत नाही. पण तुमच्यातल्या तिघाचौघांनी एकच सवाल केला म्हणून उभा राहिलो. तुम्ही म्हणता, आपल्या वस्तीत फोटो काढण्यासारखं आहे काय? तेच गटार, तोच नळ, तीच भांडणं. खरा फोटो लढाईत मिळतो, परदेशात मिळतो. इथं राहून प्रेरणा आणायची कुठून?

वस्तीत बघण्यासारखं काही नाही, हे कुणी ठरवलं? ज्यांना बघायचं नव्हतं त्यांनी. आपलं म्हणणं छापायला कुणी जागा देईना म्हणून बाबासाहेबांना १९२० साली 'मूकनायक' काढावा लागला. शब्दाचं जे झालं तेच चित्राचं. आजही आपण पेपरात येतो ते मेल्यावर, नाहीतर मोर्चातली गर्दी म्हणून.

सुधारक ओलवे मुंबईतले पेपरवाले फोटोग्राफर. विषयासाठी ते लांब गेले नाहीत. महापालिकेचा सफाई कामगार रोज साऱ्या शहराच्या डोळ्यांसमोर होता आणि कुणाला दिसत नव्हता. ओलवे त्याच्यामागं वर्षानुवर्षं फिरले, कामावर गेले, त्याच्या घरात बसले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ते राहू द्या. एकाच माणसाकडं परत परत जाणं, हे शिकायचं.

तिकडं तामिळनाडूत एम. पळनी कुमार. मदुराईकडचा पोरगा, आई मासळी विकणारी. कर्ज काढून कॅमेरा घेतला आणि मासळी विकणाऱ्या आईचेच फोटो काढले. पुढं गटारात मेलेल्या कामगारांच्या घरी गेला. अशा घरात कुठं बसायचं, कधी गप्प राहायचं, हे त्याला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नसणार. आपल्या पोरांना ते घरातूनच येतं.

आता कामाचं बोलतो. हातानं मैला उचलायला लावण्यावर १९९३ साली कायद्यानं बंदी आली. २०१३ च्या कायद्यानं विनासाधन गटारात उतरवणंही गुन्हा झालं. गटारात मेलेल्याच्या वारसाला १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं. २०२३ साली त्याचे ३० लाख केले. पण माणूस मेला की ठेकेदार हात झटकतो: हा आमचा नव्हताच. हजेरीपटावर नाव नसतं. तेव्हा तारीख-वेळेसकटचा एक फोटो, ज्यात ठेकेदाराची गाडी दिसते, मुकादम दिसतो, बिनमास्कचा कामगार दिसतो, तो त्याच्या बायकोच्या हातातला पुरावा होतो. तुम्ही विचारता अर्थ कुठाय? इथं आहे.

मात्र माणूस खाली उतरत असेल तर आधी आरडाओरडा करा, त्याला थांबवा. फोटो त्यानंतर.

आणि रडके डोळे विकू नका. पांढरपेशांच्या दिवाणखान्यात दुःख फ्रेम करून लावायची फॅशन आहे. आपला बाप कचऱ्याच्या गाडीवर आहे तसा कॅरमवरही आहे, पोरीचा अभ्यास घेतानाही आहे. सगळा बाप काढा. विचारून काढा. नाव लिहा, 'एक कामगार' लिहू नका. प्रिंट त्याच्या घरी नेऊन द्या. तो नको म्हणाला तर फोटो पुसून टाका.

उद्या सकाळी तुमच्या वॉर्डाच्या चौकीवर हजेरी लागेल. तिथं जा. पहिल्या दिवशी नुसता चहा प्या. दुसऱ्या दिवशी परत जा.

जयभीम.