खाणीतला दिवा

श्रोतेहो, तिन्हीसांजेला घरात दिवा लागला की मनाला धीर येतो. परंतु कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली शेकडो फूट खोल, एके काळी हाच दिवा माणसाच्या जिवावर उठत असे.

कोळशाच्या थरांत मिथेन नावाचा वायू कोंडलेला असतो. त्याला ना रंग, ना वास. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की एका ठिणगीने स्फोट होतो. १८१२ साली इंग्लंडातल्या फेलिंगच्या खाणीत असाच स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले दगावली. पुढे १८१५ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला दिवा तयार केला.

जाळीने काय साधले? शिक्षकबंधूंनो, हे वर्गात करून दाखवता येईल. मेणबत्तीच्या ज्योतीवर तारेची बारीक जाळी आडवी धरा. ज्योत जाळीखालीच अडते, वर येतो तो नुसता धूर. तार उष्णता ओढून घेते, त्यामुळे वरची वाफ पेटण्याइतकी तापत नाही. डेव्हींच्या दिव्यात वायू जाळीतून आत शिरे, आतच जळे. ज्वाला बाहेर येत नसे. ज्योतीवर निळसर टोपी दिसली की कामगार ओळखी, वायू वाढला, आता मागे फिरावे.

मात्र या दिव्याचा उजेड फार मंद. थोडा जास्त उजेड मिळावा म्हणून कुणी जाळी काढी आणि घात होई. शेवटी दिव्यांना कुलपे घालावी लागली. शिवाय दिवा आहे या भरवशावर जास्त वायूच्या थरांतही माणसे उतरवली जाऊ लागली. त्यामुळे अपघात थांबले नाहीत.

आज कामगाराच्या टोपीवर विजेचा दिवा असतो. त्यातला प्रवाह इतका बेताचा ठेवतात, की ठिणगी पडली तरी वायू पेटू नये. कोळसा कापणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या यंत्रांचे दिवे मोठे, म्हणून त्यांना जाड धातूचे कवच असते. हे कवच अगदी हवाबंद असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे ते नसते. दिवा तापतो, निवतो, तसा थोडा वायू आत जातोच. तो आत पेटला तरी कवच फुटत नाही, आणि झाकणाच्या सांध्यातल्या अगदी बारीक फटीतून बाहेर पडणारी ज्वाला धातूला लागून वाटेतच निवते. डेव्हींच्या जाळीचे काम इथे ही फट करते.

म्हणूनच एखादा बोल्ट ढिला राहिला किंवा सांध्यावर ओरखडा पडला, तर ते कवच असून नसल्यासारखे. आपल्या चंद्रपूरकडच्या कितीतरी घरांतली माणसे खाणीत राबत आली आहेत. पाळी सुरू होण्यापूर्वी कुणीतरी तो बोल्ट हाताने तपासतो, तेव्हाच ती माणसे सुखरूप घरी येतात. मेणबत्ती आणि जाळीचा प्रयोग दाखवाल, तेव्हा मुलांना त्या हाताबद्दलही सांगा.