समुद्रकाठचे कलासंग्रहालय आणि शाळेची सहल
(जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी हिवाळ्यात राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शाळांच्या सहली मुंबईस येतात. गेटवे, चौपाटी, राणीची बाग आणि या सर्वांच्या मधल्या वेळात कसेबसे बसविलेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, असा त्यांचा क्रम ठरलेला असतो. मुलांची रांग पाऊण तासात सर्व दालनांतून फिरून बाहेर पडते. ‘काय पाहिले?’ असे विचारले तर ‘तलवारी’ एवढेच उत्तर मिळते. त्यांपैकी कित्येकांच्या आयुष्यात अशी भेट पुन्हा घडत नाही, आणि तिचा खर्च पालकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला असतो. म्हणून या एका भेटीची आखणी कशी करावी, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

संग्रहालयात पन्नास हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्या सर्व पाहण्याचा आग्रह प्रथम सोडून द्यावा. सहलीपूर्वी एका तरी शिक्षकाने स्वतः जाऊन यावे, पाच-सहा वस्तू निवडाव्यात व त्यांची दालने टिपून घ्यावीत. संग्रहालयाच्या शिक्षण विभागास मुलांची संख्या, इयत्ता आणि येण्याचा दिवस कळवून आगाऊ पत्र धाडावे. पंचवीस-तीस मुलांचे गट पाडून प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक द्यावा आणि गटांनी निरनिराळ्या दालनांतून आरंभ करावा. गर्दीत मागे उभ्या राहिलेल्या मुलाला मूर्ती दिसत नाही; त्याला पुढच्या मुलाची पाठ तेवढी दिसते.

पहिली वस्तू म्हणून खुद्द इमारतच घ्यावी. १९०५ मध्ये हिची कोनशिला बसविण्यात आली. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट यांनी विजापूरच्या गोल घुमटाचा आदर्श समोर ठेवून घुमट योजिला, भिंतींना आपल्याच भागातला दगड वापरला, आणि आत नाशिकच्या एका वाड्यातील लाकडी कमानी आणून बसविल्या. इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, परंतु महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालयासाठी झाला आणि संग्रहालय म्हणून तिचे दार उघडण्यास १० जानेवारी १९२२ उजाडावे लागले. नाशिककडच्या मुलांना त्या कमानी अवश्य दाखवाव्यात.

शिल्पदालनात सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपातून मिळालेली, हाती कमळ घेतलेल्या पुरुषाची एक मूर्ती आहे. ती भाजलेल्या मातीची आहे. आपल्या गावच्या कुंभाराच्या हाताखालून जाते त्याच जातीची ही वस्तू सुमारे दीड हजार वर्षे टिकली, हे मुलांना पाठ करून घ्यावे लागत नाही. समोर उभे राहिले की कळते. त्याच दालनात घारापुरीहून आणलेले ब्रह्मदेवाचे शिल्प आहे. त्यापुढे मुलांना दहा मिनिटे जमिनीवर बसवावे आणि दिसेल तसे रेखाटू द्यावे. चित्र चांगले येणे महत्त्वाचे नाही. हात चालू लागला की डोळा थांबतो. दुसऱ्या दिवशी लाँचने घारापुरीला जाण्याचा बेत असेल, तर तेथल्या लेण्यांत शिरताच मुले त्या ब्रह्मदेवाची भावंडे आपोआप ओळखतात. मात्र घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा धरू नये. लाँचचा प्रवास मुलांना लेण्यांहून अधिक आवडतो हे खरे. त्यात गैर काही नाही.

लघुचित्रांच्या दालनात गेल्यावर ‘येथे इतका अंधार का?’ असा प्रश्न हटकून येतो. त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. ही चित्रे कागदावर काढलेली आहेत. प्रकाशाने रंग विटतो, आणि विटलेला रंग पुन्हा मिळत नाही. म्हणून अशा चित्रांवर सुमारे ५० लक्स इतकाच उजेड पाडण्याचा दंडक सर्वत्र पाळतात. त्यात हे संग्रहालय समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात येथील हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर जाते. कागद फुगतो, बुरशी धरते, खारी हवा धातूला खाते. अकबराच्या चित्रशाळेतले पान आज आपल्याला दिसते, ते कोणीतरी या हवेशी रोज झुंजते म्हणून. काचेला हात लावू नका असे दरडावण्याऐवजी एवढे सांगितले तर मुले स्वतःच हात मागे घेतात. शिवाय, अंधाराला डोळे सरावण्यास दोन-तीन मिनिटे लागतात, तोवर घाई करू नये.

टाटा बंधूंनी दिलेली युरोपीय तैलचित्रे वरच्या वर्गातील मुलांसाठी राखावीत. चित्रकलेची आवड असलेला गट असेल तर समोरच्याच कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तेही सोमवारी बंद असते. शेजारची जहांगीर कलादालनाची वास्तू १९५२ ची. परंतु एकाच दिवशी तिन्ही ठिकाणे नकोत.

आता पंचायत सदस्यांसाठी दोन शब्द. १९३१ मध्ये परळ येथे रस्त्याचे काम चालू असता सहाव्या शतकातील एक भव्य शिवमूर्ती सापडली. मूळ मूर्ती परळच्याच देवळात राहिली, तिची आजही पूजा होते, आणि संग्रहालयात तिचा साचा काढून घेतलेली प्रतिकृती आहे. गावात विहीर खणताना, रस्ता रुंद करताना असे काही निघाले की ‘सरकार घेऊन जाईल’ या धास्तीने ते पुन्हा पुरले जाते, किंवा रातोरात विकले जाते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. सरपंचांनी हे ग्रामसभेत एकदा वाचून दाखवावे. मारुतीच्या देवळामागे पडलेल्या वीरगळावर धुणे आपटले जाते, त्याकडेही त्याच वेळी लक्ष वेधावे. सहलीहून परतलेल्या मुलांकडून गावातील अशा दगडांची यादी व रेखाटने करवून घेतली, तर ते काम निम्मे होते.

ज्या शाळांना मुंबई परवडत नाही त्यांच्यासाठी संग्रहालयाने २०१५ पासून एक फिरती बस चालविली आहे. तिच्यात प्रदर्शन मांडलेले असते आणि ती राज्यातील शाळांत व गावोगावी जाते. आपल्या केंद्रातील चार-पाच शाळांनी मिळून एक विनंतीपत्र पाठवावे. बस उभी राहील असे सपाट मैदान, सावली आणि मुलांच्या बसण्याची व्यवस्था पंचायतीने करून ठेवावी. पत्रात शाळांची नावे, पटसंख्या आणि गावापर्यंतचा रस्ता मोठ्या गाडीस योग्य आहे की नाही, एवढे नमूद असले म्हणजे पुरे.