वेशीबाहेरचे शहर

(भिवंडी येथे धामणकर नाक्याजवळ भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



ह्या शहरात मी प्रथम आलो तो १९८२ च्या पावसाळ्यात, आणि मनात राग घेऊन आलो. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारीला सुरू झाला होता. सुमारे अडीच लाख कामगार गिरण्यांबाहेर होते. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातले आम्ही काही विद्यार्थी संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी धान्य गोळा करीत असू. गिरण्या बंद आणि बाजारात कापड मात्र भरपूर, हे कसे, ह्याचा शोध घेत आम्ही भिवंडीला पोचलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये एका गिरणीसाठी विणले जाणारे कापड डोळ्यांनी पाहिले. परत गेल्यावर एका सभेत मी म्हणालो, "भिवंडीने संप फोडला." टाळ्या पडल्या. त्या मागावर उभा असलेला माणूस किती तासांपासून उभा आहे, एवढेही मी त्याला विचारले नव्हते. आज ते वाक्य मला आपल्यासमोर मागे घ्यावयाचे आहे. ते का चुकले हे सांगण्यासाठी ह्या शहराच्या भूगोलापासून सुरुवात करणे भाग आहे.

भिवंडी हे मुळात नदीकाठचे गाव. कामवारी नदी गावाला लगटून वाहते आणि उल्हासच्या खाडीला मिळते. ती खाडी पुढे वसईला समुद्रात जाते. पाठीमागे सह्याद्रीच्या घाटवाटा, भोवती सागाची जंगले, पुढ्यात भरती-ओहोटीचे सुरक्षित पाणी. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशहाकडून घेतली, आणि थोड्याच काळात ह्या खाडीत मराठी आरमाराची बांधणी सुरू झाली, ती ह्या भूगोलामुळेच. पुढे १८५४ मध्ये आगगाडी ठाण्याहून कल्याणला गेली आणि भिवंडी रुळांपासून बाजूला राहिली. आगगाडीपुढे तराफे आणि गलबते फार दिवस टिकली नाहीत. बंदर ओसरले.

ह्या ओसरलेल्या बंदरात १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर हातमाग घेऊन येऊन वसले. पुढे तेलंगणातले पद्मशाली आले. विजेबरोबर यंत्रमाग आला. परंतु भिवंडीचा यंत्रमाग ज्या वेगाने वाढला, त्याचे कारण केवळ विणकराच्या कौशल्यात सापडत नाही. ते कायद्याच्या कलमांत सापडते. १९५६ पासून गिरण्यांना नवे माग बसविण्यास सरकारने जवळजवळ बंदी केली होती. गिरण्यांना अबकारी कर होता. चार मागांपर्यंतच्या छोट्या विणकराला सूट होती. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की १९४८ चा कारखाना कायदा लागू होई. हेतू चांगलाच होता, छोट्याला सांभाळण्याचा. १९६४ च्या अशोक मेहता समितीनेही हातमाग विणकराला यंत्रमागाचा मालक होण्याची वाट मिळावी, असाच विचार केला होता.

प्रत्यक्षात काय घडले? एका छपराखाली अठ्ठेचाळीस माग असावेत आणि कागदावर बारा मालक: पत्नी, भाऊ, मेहुणा, अज्ञान मुलगा. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, माग चालविणारा मालक स्वतःच मीटरवर मजुरी घेणारा, आणि त्याच्या खाली बारा तासांच्या पाळीत मीटरवर राबणारा कामगार. हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, नोकरीचा पुरावा नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराने अनेक वर्षे लढून जे हक्क मिळविले, त्यांची हद्द जेथे संपते तेथे भिवंडी सुरू होत होती. हे शहर हक्कांच्या वेशीबाहेर वसविले गेले होते.

असेच एक शहर पोलंडमध्ये आहे. नाव वूच, आपल्याकडच्या नकाशांत ते लॉड्झ असे लिहिलेले दिसते. पोलिश भाषेत ह्या शब्दाचा अर्थ नाव, होडी. छोट्या नदीकाठचे हे गाव. १४२३ साली त्याला शहराची सनद मिळाली, पण १८२० मध्ये सरकारने तेथे कापडाची वसाहत वसवावयाचे ठरविले तेव्हा लोकवस्ती हजाराच्याही आत होती. शतक संपताना ती तीन लाखांवर गेली. ह्या वाढीच्या मुळाशीही एक वेसच होती. १८५१ पासून पोलंड आणि रशिया ह्यांच्यामधली जकातीची भिंत उठली, १८७७ पासून बाहेरच्या मालावरील जकात रशियाने चढविली, आणि अवघ्या रशियाची बाजारपेठ वूचच्या हाती आली. रोझा लक्झेंबर्ग ह्यांचा १८९८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रबंध पोलंडच्या ह्याच औद्योगिक विकासावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर वेस सरकली आणि ती बाजारपेठ गेली. १९८९ नंतर पुन्हा एकदा गेली. तेथल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एकीच्या आवारात २००६ पासून भव्य बाजारसंकुल उभे आहे. परळ-गिरणगाव पाहिलेल्यांना ह्याचे नवल वाटावयाचे नाही. आणि जिच्या काठी हे सारे उभे राहिले ती नदी घाण पाण्याने इतकी भरली, की विसाव्या शतकात शहराच्या मध्यभागी तिला जमिनीखाली गाडावे लागले.

त्या शहराकडून आपण आणखी एक गोष्ट शिकावी. १८९२ मध्ये तेथे कामगारांचा मोठा संप झाला. लष्कराने तो चिरडला. पण त्याच दिवसांत ज्यूंवर हल्लेही झाले. भुकेचा राग शेजाऱ्यावर वळला. तेरा वर्षांनी, जून १९०५ मध्ये, पोल, ज्यू आणि जर्मन कामगार झारशाहीविरुद्ध त्याच रस्त्यांवर एकत्र अडथळे रचून उभे राहिले. आपल्या भिवंडीने १९७० चा मे पाहिला, ज्याची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. १९८४ चा मेही पाहिला. परंतु १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, कारण मोहल्ला समित्यांतून हिंदू-मुसलमान शेजारी आधीच एका सतरंजीवर बसू लागले होते. एकी आपोआप होत नाही, ती आधी बांधून ठेवावी लागते.

आता भिवंडीची वेस पुन्हा सरकली आहे. १९८५ च्या वस्त्रधोरणाने गिरणी आणि यंत्रमाग ह्यांतला भेद पुसला. पुढे नोटाबंदी आली, वस्तू व सेवा कर आला, टाळेबंदी आली. शेडच्या शेड भंगारात निघाल्या. भोवतीच्या काल्हेर, राहनाळ, माणकोली, दापोडे ह्या गावांत गोदामे वाढली. मुंबईच्या जकातीबाहेर असल्यामुळे ती येथे आली. २०१७ मध्ये जकात गेली तरी महामार्ग आणि महानगराचे सान्निध्य राहिले, आणि गोदामेही राहिली. बंदर, माग, गोदाम: तीनदा संपत्ती ह्या गावातून गेली, आणि प्रत्येक वेळी गाळ तेवढा मागे ठेवून गेली. गोदामातला हमाल आज ठेकेदाराच्या नावावर आहे, जसा मागवाला मेहुण्याच्या नावावर होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखाना ठरण्यासाठीची दहा कामगारांची मर्यादा वीस केली. म्हणजे वेस आणखी आत ओढली.

ह्या अर्थशास्त्राची किंमत पाहावयास लांब जावयास नको. ह्याच नाक्याजवळ, पटेल कंपाउंडमध्ये, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे जिलानी इमारत कोसळली. जवळजवळ चाळीस माणसे, त्यांत मुले, झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. मीटरवर मजुरी मिळविणाऱ्याला जे घर परवडते ते असे असते. दुसरी किंमत कामवारीच्या पात्रात वाहते आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे थोडके आहे. माग मोजताना नावे मोजू नका, छपरे मोजा. एका छपराखालचे सारे माग हा एक कारखाना धरावा, ही मागणी धरून बसा. गोदामातील ठेक्याच्या कामगाराची जबाबदारी ज्याचा माल त्याच्यावर, ही दुसरी. सूत आणि नफा ज्याचा, नदी साफ करण्याचा खर्चही त्याचा, ही तिसरी. आणि कामगारांची नोंदवही आपण स्वतः ठेवा: नाव, शेड, पाळी, मजुरी. सरकारजवळ हजेरीपट नसेल, तर तो संघटनेजवळ असला पाहिजे.

१९८२ मध्ये संप फोडला तो गिरणी आणि शेड ह्यांच्यामध्ये आखलेल्या रेषेने. ती रेषा मालकांनी वापरली. आम्ही, मुंबईचे संपसमर्थक, तिच्या पलीकडे कधी गेलोच नाही. शेडमधल्या त्या माणसाजवळ दहा मिनिटे थांबलो असतो, तर कदाचित आमच्या सभेत तोही बोलला असता. त्याची क्षमा मागावयास मला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. आपण मात्र उशीर करू नये. आज रात्रीची पाळी आठाला सुटते की बाराला, एवढे तरी विचारूनच घरी जावे.