पत्रिकेबरोबर रक्तही पाहावे

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही वैद्यकाचे पंडित नव्हे. ज्ञातीच्या वधूवर-सूचक समितीचे काम अनेक वर्षे केले, एवढाच आमचा अधिकार. म्हणून जे सांगावयाचे ते त्याच वहीच्या आधारे सांगतो.

त्या वहीत गोत्र, गण, नाडी, शिक्षण, वेतन आणि उंची यांचे रकाने आहेत. अलीकडे रक्तगटही लिहितात. पुष्कळांची अशी समजूत दिसते की नाडी व रक्तगट पाहिला म्हणजे संततीची काळजी मिटली. ही समजूत खरी नाही. ज्या आनुवंशिक विकाराविषयी आम्ही बोलणार आहोत, त्याचा पत्ता नाडीवरून लागत नाही आणि रक्तगटावरूनही लागत नाही.

त्या विकाराचे नाव थॅलसेमिया. आपल्या रक्ताला लाली देणारे हिमोग्लोबिन घडविण्याची आज्ञा प्रत्येकास आईकडून एक व बापाकडून एक अशी मिळते. त्यांपैकी एक सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. अशा मनुष्यास ‘वाहक’ म्हणतात. तो रोगी नव्हे. तो शिकतो, कमावतो, म्हातारा होतो, आणि आपण वाहक आहो हे त्यास बहुधा कळतही नाही. भारतात दर १०० माणसांत सुमारे ३ ते ४ असे वाहक आहेत. परंतु दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी ४ पैकी १ संभव असा असतो की बाळास दोन्ही आज्ञा सदोष मिळतील. असे बाळ जन्मतः धडधाकट दिसते. मात्र पहिल्या दोन वर्षांच्या आतच ते पांढरे पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी त्यास दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्ताबरोबर शरीरात साचणारे लोह काढण्यासाठी औषध आयुष्यभर चालू ठेवावे लागते. अस्थिमज्जा बदलण्याचा उपाय आहे. पण जुळणारा दाता व लागणारा पैसा प्रत्येक घरी असतोच असे नाही.

आता कोणी विचारील, ज्ञातीच्या व्यासपीठावर हे कशाला? कारण उघड आहे. जेथे पिढ्यान् पिढ्या सोयरीक ठराविक कुळांतच होते, तेथे एका पूर्वजाचा दोष अनेक घरांत वाटला जातो आणि दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. सिंधी व लोहाणा समाजांत थॅलसेमियाचे, तर विदर्भातील व सातपुड्यातील कित्येक समाजांत सिकलसेलचे प्रमाण अधिक आढळले आहे. यात कोणास हिणविण्याजोगे काही नाही. सगोत्र विवाह टाळून आपण निश्चिंत होतो. परंतु गोत्र केवळ बापाच्या बाजूचे, आणि रक्ताचा वारसा दोन्ही बाजूंचा. मामाची मुलगी करताना गोत्र आड येत नाही, पण आजी-आजोबा दोघांचे एकच असतात!

यावर उपाय सोपा आहे. साध्या रक्ततपासणीने, विशेषतः हिमोग्लोबिन ए-२ याचे प्रमाण पाहून, वाहक बहुधा ओळखता येतो. ही तपासणी जन्मात एकदाच पुरते.

मग आपण ती का रूढ केली नाही? येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीने असे अहवाल मागविण्याचे ठरविले. एका सुशील मुलीने स्वतःहून तो दिला. ती वाहक निघाली. ती गोष्ट बैठकीतून बाहेर फुटली. दोन स्थळांनी नकार कळविला. त्या दोन्ही मुलांची तपासणी झालीच नव्हती! मुलगा वाहक नसता तर त्या विवाहातून थॅलसेमियाचे मूल होण्याची भीती नव्हती. हे आम्ही त्या वेळी जाणत होतो, आणि तरीही गप्प बसलो. त्यानंतर कोणी अहवाल दिला नाही. आणि का द्यावा?

हीच अडचण दुसऱ्या एका समाजाने कशी सोडविली ते पाहा. न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू समाजातही विवाह वडीलमंडळी जुळवितात. तेथील धर्मगुरू जोसेफ एकस्टाइन यांची चार मुले टे-सॅक्स नावाच्या आनुवंशिक विकाराने गेली. १९८३ साली त्यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण-तरुणींचे रक्त तपासून तेथे नावाऐवजी क्रमांक देतात. स्थळ पुढे जाण्यापूर्वी दोन्ही क्रमांक कळवावयाचे, आणि संस्थेने जोडी योग्य की अयोग्य एवढेच सांगावयाचे. वाहक कोण, याची वाच्यता होत नाही; म्हणून कोणाची मान खाली जात नाही.

आमची विनंती तीन गोष्टींची आहे. पहिली, तपासणी मुलगा व मुलगी दोघांचीही व्हावी, आणि ती पाहण्याच्या कार्यक्रमापूर्वी व्हावी, साखरपुड्यानंतर नव्हे. दुसरी, अहवाल समितीने मागू नये व ठेवू नये. दोघांनी ते एकाच डॉक्टरांस दाखवावे आणि दोघेही वाहक आहेत की नाहीत एवढेच विचारावे. तिसरी, जे विवाहित आहेत त्यांनी अपत्याचा विचार करण्यापूर्वी ही तपासणी करावी. दोघेही वाहक निघाल्यास घाबरून न जाता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण गर्भावस्थेच्या आरंभीच गर्भाची परीक्षा करता येते.

ज्यांच्या घरी उपवर मुलगे आहेत, त्यांनी आधी पुढे यावे. मुलीच्या बापाने भीत भीत अहवाल पुढे करावा आणि मुलाच्या बापाने तो चाळावा, असे झाले तर ही तपासणी म्हणजे हुंड्यासारखेच आणखी एक ओझे होईल. त्या मुलीचा अपराध आम्ही केला. तो ज्ञातीच्या हातून पुन्हा घडू नये, एवढेच मागून आपली रजा घेतो.