आवाजावरील दूरस्थ उपचार



दूधविनायकाच्या आपल्या वस्तीत विद्या मुखातून मुखात गेली. म्हणून येथे वैदिकाचा घसा बसणे ही केवळ घरगुती अडचण नव्हे. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गुरुजींनी वर्षभर काढे घेतले. संथा देणे थांबले. अखेर येथील घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरतंतू तपासले. पुढील व्यायाम मुंबईच्या वाचोपचारतज्ज्ञांनी व्हिडिओ कॉलवर, मराठीतून शिकवले : ओठ मिटून गुंजन, पाण्यात बुडविलेल्या नळीतून स्वर काढणे. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. मात्र पडद्यावर स्वरतंतू दिसत नाहीत. ३-४ आठवडे घोगरेपणा टिकल्यास आधी प्रत्यक्ष तपासणी हवी. गुरुजींपुढे आज पुन्हा दोन विद्यार्थी बसतात. मंडळाने या कामी एक शांत खोली राखावी, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.