विषय निवडताना



शाळेतून 'पुराणातील किंवा महाकाव्यातील एका विषयावर प्रकल्प करा' असा निरोप येतो आणि घरोघरी धांदल उडते. आई म्हणते दशावतार घे, बाप म्हणतो रामसेतू घे. चित्रे चिकटतात, छापील मजकूर उतरवला जातो, प्रकल्प संपतो. मुलाच्या पदरात काय पडले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने नव्हे, अनुभवाने एवढेच सांगतो की, विषय निवडायचा म्हणजे नाव निवडायचे नव्हे, प्रश्न निवडायचा.

एकलव्याचेच पाहा. 'गुरुभक्ती' असा मथळा घालून मुले मोकळी होतात. पण आदिपर्व उघडले तर तेथे अधिक काही आहे. अर्जुनाच्या तोडीचा दुसरा शिष्य होणार नाही, असा शब्द द्रोणाचार्यांनी दिला होता; तो राखण्यासाठी अंगठा मागितला गेला तो निषादाच्या मुलाचा. अंगठा दिल्यावर एकलव्य नुसत्या बोटांनी बाण ओढू लागला, परंतु पूर्वीची चपळाई राहिली नाही, हेही महाभारताने नोंदवून ठेवले आहे.

त्या ओळीपाशी आम्ही थांबलो, कारण अंगठा गमावलेल्या कामगारांचे अर्ज आम्ही लिहिले आहेत. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला म्हणजे कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटली, असे धरलेले होते. कायद्याने आकड्यात मांडले तेच महाकाव्याने एका ओळीत सांगितले. आपल्या भागात साखर कारखाने आहेत, गुऱ्हाळे आहेत. यंत्रात बोट गेलेला माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. मुलाने त्याच्यापाशी बसावे आणि अदबीने विचारावे, 'काका, सदऱ्याची गुंडी कशी लावता? विळा कसा धरता?' मग पुन्हा आदिपर्व वाचावे. तो प्रकल्प कोणाचा उतारा असणार नाही.

कोणी म्हणेल, ही थोरांची उणीदुणी काढणे झाले. आम्हांला तसे वाटत नाही. जे ग्रंथाने लपवले नाही, ते आपण का लपवावे? पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पुरे झाले. एवढी वर्षे विद्वानांनी पोथी पोथीशी ताडून पाहिली. ताडून पाहणे हा अनादर असता, तर ते काम झालेच नसते.

बारामतीच्या मुलाला तर घरचाच आधार आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) येथे राहून सारे भारत आर्यांत रचले आणि एकच रामकथा नाना रीतींनी पुन्हा पुन्हा सांगितली. ठाऊक असलेली गोष्ट माणूस पुन्हा का सांगतो, हाही प्रकल्पाचा प्रश्नच आहे. इंदापूर तालुक्यातल्या मुलाने नीरा-नरसिंहपूरला जावे. नीरा आणि भीमा जेथे मिळतात तेथे नृसिंहाचे देऊळ आहे. प्रल्हादाची गोष्ट सर्वांना पाठ असते; पण सत्तेपुढे आणि प्रत्यक्ष बापापुढे 'नाही' म्हणणारे पोर लोकांना इतके जवळचे का वाटले, हे तेथील वृद्धांना आणि यात्रेकरूंना विचारून लिहावे.

पालकांना आमची विनंती एकच. मुलाने विषय विचारला, तर चटकन नाव सांगू नका. 'या गोष्टीत तुला काय खटकते?' असे त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. खटकलेले बोलून दाखवायची सवय लहानपणी लागली, तर पुढे अन्यायापुढे जीभ अडत नाही. कामगारांच्या सभेत नेमकी हीच सवय आम्हांला फार थोड्यांत आढळली.