बटाट्यातलं सायटोक्रोम

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या तासाला जाणाऱ्या कुणालाही चयापचयाची धडकी भरेल. ग्लुकोजचं पायरुवेट होईपर्यंतच १० पायऱ्या, प्रत्येकीचं एन्झाइम वेगळं! नावं घोकत बसू नका. कोणता बंध तुटला, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले, तेवढं पाहा. ते तर तुम्हाला येतंच.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनीही मूळच्या रसायनशास्त्राच्याच. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवलाच. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतीच्या पेशींत सायटोक्रोम-सी सापडलं. म्हणजे श्वसनातली इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा हमाल आपल्यातही तोच आणि बटाट्यातही तोच! १९३९ साली पीएच.डी. मिळाली; प्रबंध जेमतेम ४० पानांचा. हल्ली प्रस्तावनाच तेवढी असते म्हणा! मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेतली पोषकद्रव्यं अभ्यासली.

एन्झाइमचं काम स्वतः अनुभवायचं असेल, तर आज जेवताना भाताचा घास जरा जास्त चावून पाहा. गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला लागलेलं असतं.